कुणी न खुडलेला पुदिना

झाडं माणसांच्या पाठीमागे मोकळेपणाने बोलायची, त्या काळची ही गोष्ट. कुमुदकाकूंनी पुदिन्याच्या एकाच जुडीतल्या दोन काड्या लावल्या. एक स्वयंपाकघराच्या खिडकीत, खिळ्याने बुडाला भोकं पाडलेल्या तेलाच्या डब्यात. दुसरी दिवाणखान्यात, चिनी मातीच्या बिनभोकाच्या कुंडीत.

कुंडीतला पुदिना लवकरच शेफारला. काकू डब्यातल्याचे शेंडे रोज चटणीला खुडत, ते उघड्या दारातून पाहून तो नाक मुरडायचा.

"शी! रोज हजामत करून घेतोस, लाज नाही वाटत? मला बघ. पाहुणे लांबूनच वाहवा करतात, हात लावायची कुणाची टाप नाही. आणि पाणी? काकू दोन वेळा तांब्या ओततात!"

"अरे शहाण्या, तेच पाणी तुझ्या बुडाशी साचलंय," डब्यातला म्हणाला. "ऊनही नाही तिथे. जरा मान खाली घाल, म्हणजे कोमेजलास असं वाटून काकू तुला खिडकीत आणतील. आणि खुडलं तर बिघडलं कुठे? एका शेंड्याचे दोन होतात."

"मी मान खाली घालू? चटणीवाल्यांच्या पंगतीत बसू?"

तो नुसता उंच वाढत गेला. काडी सुतासारखी झाली, पानं पिवळी पडली, मुळं कुजली. शेवटी कुंडीच्या काठावर आडवा पडून म्हणाला, "काही म्हण, मला कुणी खुडलं नाही!"

"खुडण्यासारखं होतं काय तुझ्यात?" डब्यातला म्हणाला.

काकूंनी त्याला उपटून केरात टाकलं. आता त्या कुंडीत प्लास्टिकची फुलं आहेत. त्यांनाही कुणी खुडत नाही.