डोळे मिटायची वेळ

त्या तळ्याकाठच्या राज्यात आकाशाची प्रार्थना डोळे मिटूनच करायची असे. उजाडताना घारराणीनं शीळ घातली की सगळ्या पाखरांनी चोच पिसांत खुपसायची आणि तिची दुसरी शीळ ऐकू येईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. तेवढ्या वेळात राणी कुणाच्या तरी घरट्यातलं अंडं उचलून आकाशाकडे नेई. "आकाशानं मागितलंय," एवढंच ती सांगे. तिच्या आजीला राज्य राखायला पंजे उगारावे लागत. नातीला नुसती शीळ पुरे.

टिटवी त्या तळ्यावरची सगळ्यांत घाबरट. पान हललं तरी दचकायची. एका सकाळी ऐन प्रार्थनेत तिच्या पायाशी वाळकी शेंग तडकली आणि तिचे डोळे आपसूक उघडले. तिला खटकलं ते अगदी बारीकसं होतं. अंडं घेऊन निघालेली राणी वर गेलीच नाही. ती उंबरामागं वळली, फांदीवर टेकली, आणि काहीतरी फुटल्याचा हलका आवाज आला.

टिटवीनं घाईघाईनं डोळे मिटून घेतले. पण दिवसभर तिला चैन पडेना. शेवटी ती पाणकोंबडीकडे गेली. तिला सगळे मावशी म्हणत. आकाशाला सर्वांत जास्त अंडी तिनं दिली होती.

"मावशी, आकाश उंबरामागं राहतं का हो?"

"काय बाई एकेक विचारतेस! डोळे उघडलेस वाटतं?"

"मी नाही उघडले. ते उघडले."

"मग जे दिसलं ते तुझ्यापाशीच ठेव. माझी लेकरं वर आहेत. अंधारलं की चांदण्या होऊन लुकलुकतात." मावशी लव्हाळ्यात शिरायला वळली. "आणि नसतील, तर ते मला नको सांगूस."

टिटवी परतली. माळावर खड्यांच्या आळ्यात तिचं पहिलंवहिलं अंडं होतं. ती त्याच्यावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी शीळ झाली, आणि सावली नेमकी तिच्यावर उतरली.

"डोळे मिट, पोरी," घार मायेनं म्हणाली.

"मिटत नाहीत, राणीसाहेब. भ्याले की उघडेच राहतात."

ती अंड्यावरून उठली नाही. घारीनं तिला एका फटक्यात बाजूला सारलं आणि अंड्यावर पंजा ठेवला. तेव्हा टिटवीनं हाक दिली. संकटातल्या पाखरानं हाक द्यायची, ऐकणाऱ्यानं ओ द्यायची आणि सगळ्यांनी मिळून धावायचं, अशी त्या तळ्याची जुनी रीत होती. प्रार्थनेच्या वेळी मात्र ती चालत नसे.

कुणी ओ दिली नाही. तिनं पुन्हा हाक दिली.

"गप की गं," जवळची साळुंकी डोळे मिटूनच कुजबुजली. "तुझ्यापायी आम्हालाही पाप लागेल."

टिटवीचा आवाज चिरकला, तरी तिनं तिसऱ्यांदा हाक दिली. घारीनं वैतागून मान वळवली. तितक्यात लव्हाळी हलली आणि मावशी बाहेर आली. तिचे डोळे उघडे होते, आणि ती वर आकाशाकडे बघत नव्हती. कोवळ्या उन्हात राणीच्या चोचीच्या कडेला वाळून बसलेल्या पिवळ्या बलकाकडे ती बघत होती. बराच वेळ बघत राहिली.

मग, हाकेला कितीतरी वर्षं न वापरलेल्या घोगऱ्या आवाजात, तिनं ओ दिली.