अळणी ठमाबाय

खाडीवर पूल नव्हता आणि मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढायचं, त्या काळात खारकोंडला ठमाबाय नावाची एक बाई राहायची. खारकोंड म्हणजे मिठागरांचं गाव. माणसं दिवसभर खाऱ्या पाण्यात उभी राहून मीठ ओढायची. पायांना भेगा पडायच्या, भेगांतून इसब वर चढायचा आणि खाजवून खाजवून कातडी सोलून निघायची. मीठ साऱ्या मुलखाला जायचं, दुखणं तेवढं गावात उरायचं.

ठमाबायकडे त्यावर उपाय होता. खैराच्या सालीच्या काढ्यानं ती जखमा धुवायची, वर करंजाचं तेल लावायची. तिचा हात फिरला की खाज तिथल्या तिथे निजायची, असं म्हणतात. पण सगळं औषध एका पथ्यावर उभं होतं. चाळीस दिवस अळणी जेवायचं. आता मिठातच जन्मलेल्या माणसांना हे कसं जमावं?

हाशा नावाचा एक मिठागऱ्या होता, तो पथ्याच्या दुसऱ्याच दिवशी चिडला.

"सांगायला तुझं काय जातंय, ठमाबाय? घरी जाऊन तू जवळ्याचं कालवण ओरपशील, आन मी हितं भाताशी भांडत बसू?"

ठमाबाय म्हणाली, "बरं. तुझे चाळीस दिवस ते माझे चाळीस. आजपासून मी पन अळणी."

हाशाला वाटलं, बाई चार दिवसांत थकेल. बाई थकली नाही, म्हणून त्यालाही थकता येईना. चाळिसाव्या दिवशी त्याचे पाय लहान मुलासारखे झाले. पण तोवर दुसरा एक येऊन बसला होता, आणि त्याचे दिवस सरायच्या आत तिसरी. आपल्याबरोबर उपास काढणारी वैदीण कुणाला नको असते? वाऱ्यावर बातमी गेली, घाटावरून माणसं येऊ लागली. अकरा वर्षं ठमाबायच्या जिभेला मीठ लागलं नाही, असं म्हणतात.

तिला एकच लेक, राही. राहीच्या लग्नात सगळी पंगत जेवली आणि आई कोपऱ्यात कोरडा भात खाऊन उठली. राहीला खाडीपलीकडे दिलं होतं. तिच्या हातच्या निवट्यांच्या कालवणाचं नाव त्या गावात झालं. खाडीतला तो चिखलातला मासा राहीनंच रांधावा, असं बाप्ये म्हणायचे. चव घेतली नव्हती ती फक्त आईनं.

एकदा राही माहेरी आली आणि म्हणाली, "आये, सासू टोमणे मारते. म्हणते, तुझ्या आयेला तुझ्या हातचं रुचत नाय. आये, तू जगासाठी अळणी खातेस, माझ्यासाठी एक दिस मीठ खा."

"आलेल्यांचे दिस सरू दे. नव्या भाताला येते," ठमाबाय म्हणाली.

नवा भात आला. दिवस सरले, नवा कुणी आला नाही. ठमाबाय धुतलेलं लुगडं नेसून धक्क्यावर गेली. एक पाय होडीत ठेवला, तोच घाटावरची एक बाई पोर घेऊन धावत आली. पोराचा चेहरा इसबानं ओला होता, नखं रक्तानं भरली होती. ते अंगावर पीत होतं, म्हणजे पथ्य आईलाच पाळायचं होतं.

"तुमी बी संगं जेवता म्हनं अळणी," ती म्हणाली. "त्याच भरवशावर आले, बाई."

एक जेवण जेवून उद्यापासून धरलं असतं तर काय बिघडलं असतं, असं लोक आजही विचारतात. ठमाबायनंही स्वतःला तेच विचारलं असणार. पण पोर खाजवत होतं. तिनं पाय मागे घेतला आणि होडीवाल्याला म्हणाली, "राहीला सांग, चाळीस दिसांनी."

होडीवाला निरोपाचं उत्तर घेऊन आला. राही म्हणाली होती, "आता नको येऊ म्हनावं."

तेहेतिसाव्या दिवशी पलीकडे पटकीची साथ आली आणि राहीला घेऊन गेली.

ठमाबाय पोचली तेव्हा चूल विझलेली होती. टोमणे मारणारी सासू तिच्या गळ्यात पडली. "बोलत नव्हती गं तुझ्याशी," ती म्हणाली, "पन रोज जेवताना तुझं पान वाढून ठेवायची."

राहीच्या हातचं थोडं कालवण उरलंय का म्हणून ठमाबायनं मडकी पाहिली. सगळी घासून पालथी घातलेली होती.

ती परत आली. सात दिवस उरले होते, तेही ती त्या बाईसमोर बसून अळणी जेवली. चाळिसाव्या दिवशी पोराचे गाल उजळले. मायलेकरं घाट चढून दिसेनाशी झाली, तेव्हा ठमाबाय धक्क्यावर जाऊन पलीकडच्या गावाकडे तोंड करून बसली आणि पहिल्यांदा रडली. तिच्या डोळ्यांत मीठ उरलंच नव्हतं. ते पाणी गोडं होतं, असं म्हणतात. पाणी पडलं तिथं खाऱ्या जमिनीतून झरा फुटला. लोक धावत आले, तर झरा वाहत होता आणि बाई नव्हती.

मिठागरातली माणसं आजही काम संपलं की त्या झऱ्यावर पाय धुतात. आणि नवा भात आला की एक दिवस खारकोंडच्या कुठल्याच चुलीवर मीठ पडत नाही. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, झऱ्याकाठी निवट्यांचं कालवण रांधतात, पान वाढतात आणि हळूच म्हणतात, "आये, जेव." सगळं गाव अळणी जेवतं. मीठ असतं ते त्या एका पानात.