पाणी हा शब्द कुणाचा?

“कुणीतरी दुधात पाणी घालतंय.”

“कुणीतरी म्हणजे कोण?” बाईंनी विचारलं.

“कोण ते महत्त्वाचं नाही, बाई. घालतंय, एवढं नक्की.”

हर्षल भोईटेनं लॅपटॉप बाईंच्या पुढ्यात सरकवला. पडद्यावर अख्खा तालुका पसरला होता. सगळीकडे हिरवे ठिपके. लाल ठिपका एकच.

कोरेवस्ती.

हर्षल एका बड्या खासगी डेअरीत आकड्यांचा प्रमुख होता. गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ जमा होणाऱ्या दुधाची सगळी मोजमापं त्याच्या यंत्रणेत येऊन पडत. दूध किती, फॅट किती, लॅक्टोमीटरची डिग्री किती. यंत्रणा ती चाळायची, आणि कुठे वावगं दिसलं की त्या गावाचा ठिपका लाल करायची.

आज दिवस मावळायच्या आत त्याच्या नावानं एक मेल जाणार होता. कोरेवस्तीचं केंद्र उद्यापासून बंद. कारण, भेसळ.

एकदा तो शब्द कागदावर आला की आसपासची दुसरी कुठलीच डेअरी त्या वस्तीचं दूध घेणार नव्हती. गाई दूध देतच राहणार होत्या. ते ओतायचं कुठे, हे मेलमध्ये नव्हतं. असल्या मेलमध्ये ते कधीच नसतं.

ओट्याच्या कडेला कुंदा खरात बसली होती. कोरेवस्तीचं केंद्र ती चालवायची. सकाळीच ती आश्रमात आली होती आणि तिचं ऐकून घेऊन बाईंनी हर्षलला निरोप धाडला होता. मेल पाठवायच्या आधी येऊन जा.

तो आला. यावंच लागलं. आईवडील ऊसतोडीला जायचे तेव्हा लहानपणीचे सगळे हिवाळे त्यानं याच आश्रमात काढले होते. संन्यास घेण्याआधी बाई शाळेत गणित शिकवत. त्याला त्रैराशिक त्यांनीच शिकवलं होतं.

“बाई,” कुंदा म्हणाली, “माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते…”

“शपथ घेऊ नकोस,” बाई म्हणाल्या. “शपथ चोरच घेतो, असं हा म्हणेल.”

हर्षलनं मान वर केली नाही.

“मी कुणाला चोर म्हटलेलं नाही.”

“नाही म्हटलंस. कुणीतरी म्हटलंस. म्हणजे सगळेच.”

…

फाटकाशी दुधाची गाडी उभी होती. हर्षल तिच्यातूनच आला होता. ड्रायव्हर रमजान मुलाणी तिथूनच म्हणाला, “साहेब, आटपा जरा. उशीर झाला की तुमचं मशीन मलाच लाल करतं.”

“दोन मिनिटं, रमजानभाई.”

“तुमची दोन मिनिटं मला ठाऊक आहेत.”

हर्षल बाईंकडे वळला. आवाज चढला होता.

“तुम्हाला आठवतंय, आधी केंद्र कसं बंद व्हायचं ते? मालकाच्या मेव्हण्याला वाटलं की बंद. त्याच्या घरच्या लग्नात आहेर कमी पडला म्हणून एक केंद्र बंद झालं होतं. ते मी थांबवलं. आता आकडे ठरवतात. आकड्यांना मेव्हणा नसतो.”

“चांगलं केलंस,” बाई म्हणाल्या.

तो थबकला. वाद होईल म्हणून तो तयारीनं आला होता.

“मग? मग हे कशासाठी? ही रडत आली म्हणून? उद्या दुसरी येईल, परवा तिसरी. बाई, खरं सांगू… तुमचा आकड्यांवर विश्वास नाही.”

“माझा आहे,” बाई म्हणाल्या. “तुझा नाही.”

…

हर्षल हसला. हसू फार टिकलं नाही.

“आल्या आल्या काय म्हणालास, ते पुन्हा म्हण.”

“कुणीतरी दुधात पाणी घालतंय.”

बाईंनी उजवा हात समोर धरला. चार बोटं उभी. अंगठा मिटलेला.

“चार शब्द. कुणीतरी. दुधात. पाणी. घालतंय.” त्यांनी पहिलं बोट हलवलं. “कुणीतरी. यंत्रणेत हे नाव आहे?”

“नाव कसं असेल?”

बाईंनी बोट मिटलं.

“घालतंय. घालताना कुणी पाहिलं?”

“पाहायची गरजच नसते, बाई. तोच तर मुद्दा आहे. आपण तिथे नसतानाही कळतं…”

“पाहिलं का?”

“नाही.”

दुसरं बोट मिटलं.

“पाणी.”

“पाणी आहेच.” हर्षल पुढे सरकला. “सकाळच्या दुधाची फॅट धडाधड उतरलीय. हे बघा. संक्रांतीपर्यंत रेघ सरळ, आणि मग एकदम खाली. असं आपोआप होत नाही.”

“फॅट उतरली म्हणजे दूध कसं झालं?”

“पातळ.”

“आकडे पातळ म्हणाले. पाणी कोण म्हणालं?”

…

“डिग्री काय सांगते?” बाईंनी विचारलं.

हर्षलनं दुसरा तक्ता उघडला. दुधात पाणी पडलं की डिग्रीही उतरते, हे गोठ्यातल्या कुणालाही ठाऊक असतं.

“डिग्री… ठीक आहे.”

“उतरली नाही?”

“नाही. पण त्यात काय? पाणी घालून वर साखर टाकली की डिग्री सांभाळता येते. लोक शिकलेत आता.”

“म्हणजे उतरली असती तर चोर. नाही उतरली तर हुशार चोर.”

कुंदानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते कळलं नाही.

“आता मला सांग,” बाई म्हणाल्या, “कोरेवस्ती निर्दोष ठरावी म्हणून तुझ्या आकड्यांनी काय दाखवायला हवं होतं?”

हर्षल पडद्याकडे बघू लागला.

“काय दाखवलं असतं तर तू ऐकलं असतंस?”

फाटकाशी रमजाननं काडी ओढून बिडी शिलगावली.

बाईंनी तिसरं बोट मिटलं. एकच उरलं.

“काय राहिलं?”

“दूध,” तो म्हणाला. त्याला हा खेळ आवडत नव्हता. लहानपणीही नव्हता.

“त्याला विचार मग. अजून विचारलं नाहीस.”

…

त्याचा फोन थरथरला. डेअरीच्या डायरेक्टरांचा होता. त्यानं कापला.

“काय विचारू?” तो म्हणाला. हे विचारताना त्याचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

“सकाळचं पातळ झालं. संध्याकाळचं?”

“संध्याकाळचं बरोबर आहे. तिथे लाल नाही.”

“लाल नाही, हे कळलं. कसं आहे ते विचारलं.”

त्यानं लॅपटॉप स्वतःकडे फिरवला. बोटं चालली. मग थांबली.

त्याच्या यंत्रणेला फक्त उतरलेलं दिसायचं. चढलेलं पाहायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दूध घट्ट झालं म्हणून कधी कुणाची तक्रार येत नाही.

“चढलीय,” तो म्हणाला.

“काय?”

“संध्याकाळची फॅट. सकाळची जितकी उतरली, जवळपास तितकीच…” तो पडद्याच्या आणखी जवळ गेला. “त्याच दिवसापासून.”

“सकाळी पाणी घालणारा माणूस संध्याकाळी काय घालतो?” बाईंनी विचारलं.

हर्षल चढलेल्या रेघेवरून बोट फिरवत राहिला.

“शेजारची गावं बघ.”

त्यानं पाहिली. शेजारच्या गावांतही तेच होतं. सकाळी थोडी खाली, संध्याकाळी थोडी वर. लाल होण्याइतकी नाही, एवढंच. सगळ्यात जास्त फरक कोरेवस्तीत. तिथून गावं जसजशी दूर जात होती, तसतसा फरक कमी होत होता. दूर म्हणजे, रस्त्यानं. एकाच रस्त्यानं. गाडीच्या रस्त्यानं.

हर्षलचा हात कीबोर्डवरून खाली आला.

“काय झालं?” कुंदानं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

“गाडीचा मार्ग बदलला होता. संक्रांतीनंतर. डिझेल वाचावं म्हणून.”

“हो की,” कुंदा म्हणाली. “पूर्वी संध्याकाळची गाडी दिवस कलल्यावर यायची, आता दुपारीच दारात. आणि सकाळी सगळी गावं फिरून शेवटी आमच्याकडे. तोवर ऊन चढतं. मी तुम्हाला मेसेज केला होता, साहेब. वेळ जमत नाही म्हणून.”

“मी काय म्हणालो?”

“तुम्ही अंगठा पाठवलात.”

…

फोन पुन्हा थरथरला. पुन्हा कापला.

“गाडी दुपारी येते,” हर्षल हळूहळू बोलू लागला, जणू फळ्यावर गणित सोडवत होता, “म्हणून लोक धार लवकर काढतात. गाडी सकाळी उशिरा येते, म्हणून सकाळची धार उशिरा. मधली रात्र लांबली. कासेत दूध जितका वेळ राहतं तितकं ते वाढतं आणि पातळ होतं. दुपारच्या धारेला मात्र अंतर कमी पडतं. म्हणून ते थोडं आणि घट्ट…”

तो थांबला.

हे त्याला ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्यावर परीक्षा घेतली होती आणि तो पहिला आला होता.

“मार्ग कुणी आखला?” बाईंनी विचारलं.

“आकड्यांनीच…” त्यानं ओठ आवळले. “मी.”

त्याच मार्गासाठी डायरेक्टरांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती. वाचलेलं डिझेल सभेत पडद्यावर झळकलं होतं. गाई पडद्यावर नव्हत्या. त्या डिझेल पीत नाहीत.

आता फोन थांबेना. त्यानं उचलला.

“हो सर… नाही, पाठवला नाही… पाठवणार नाही.” पलीकडचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू येत होता, शब्द नाही. “नाही सर, चोर सापडला नाही. चोरीच सापडली नाही… फॅट कशानं उतरली? गाडीच्या मार्गानं… हो. माझ्याच… सर, तोच डेटा आहे. तोच. मी अर्धा वाचला होता… नाही, आश्रमात काय, कुठेही बसून हेच दिसलं असतं…”

तो बराच वेळ ऐकत राहिला.

“उद्या सकाळी येतो सर. लेखी देतो.”

फोन ठेवला तेव्हा त्याचा कान लाल झाला होता.

“नोकरी?” बाईंनी विचारलं.

“उद्या कळेल.”

बाईंनी मान डोलावली. धीर दिला नाही. त्या कधीच देत नसत.

हर्षल ओट्यावरून उतरला आणि कुंदासमोर उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. त्यानं ते जोडले.

“कुंदाताई, दुधात पाणी मीच घातलं.”

बाई उठून आत निघाल्या होत्या. उंबऱ्याशी थांबल्या.

“पुन्हा पाणी म्हणालास,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

…

हर्षलचे हात अजून जोडलेलेच होते.

फाटकाशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग रमजाननं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“साहेब, गाडी आत्ता काढू, का गाई तयार होईपर्यंत थांबू?”