अठरा गुणांचा किनारा

मंडळी, आधी एक सांगा. तुम्ही बाजारात गेलात. समोर दोन दुकानदार बसलेत. एक तुमच्या प्रत्येक प्रश्नाला झटकन उत्तर देतो. दुसरा मधूनच डोकं खाजवतो आणि म्हणतो, "यातलं मला नाही बुवा कळत, पुढच्या गल्लीत विचारा." भरवसा कुणावर ठेवाल?

पहिल्यावर म्हणालात तर मी हसणार नाही. तरुणपणी मीही तेच म्हणायचो. अशाच एका हजरजबाबी गृहस्थाकडून मी एकदा पावशेर केशर घेतलं. ती मक्याच्या कणसाची शेंडी निघाली, रंगवलेली. रंग मात्र सुरेख होता, खोटं कशाला बोलू?

तर ऐका. गोष्ट इतकी जुनी आहे, की ती ज्यांनी पाहिली त्यांची गावंही आता उरली नाहीत. तेव्हा एक राज्य होतं. त्याच्या एका अंगाला डोंगर होते, दुसऱ्या अंगाला समुद्र. राजा डोंगरात राहायचा आणि समुद्रावर त्याचं प्रेम होतं. लांबून प्रेम करायला पैसे पडत नाहीत.

या राजाला एका परदेशी व्यापाऱ्याने एक काळी पेटी विकली. पेटी समोर धरायची, कळ दाबायची, की समोरचं दृश्य कागदावर जसंच्या तसं उमटायचं. तिचे किती पैसे घेतले ते मला विचारू नका. आम्ही व्यापारी एकमेकांचे भाव फोडत नाही.

राजाने पेटी घेतली म्हणून प्रधानाने घेतली. प्रधानाने घेतली म्हणून सगळ्यांनी घेतली. वर्षभरात अशी वेळ आली, की संध्याकाळी डोंगरमाथ्यावर मावळता सूर्य कमी आणि पेटीवाल्यांची डोकी जास्त दिसू लागली. मग त्यांचं एक मंडळ निघालं. मंडळ निघाल्यावर स्पर्धा आलीच. डोंगर-रानांची चित्रं एकीकडे, समुद्राची एकीकडे. प्रत्येक चित्राला वीसपैकी गुण.

आता राजाला समुद्रकाठी एक धक्का बांधायचा होता. होड्या लागाव्यात, माल उतरावा, म्हणून. जागा काही ठरत नव्हती. एके दिवशी राजा मांडीवर थाप मारून म्हणाला, "प्रधानजी, समुद्राच्या चित्रांत जे पहिलं येईल, त्या चित्रातल्या जागीच धक्का बांधू! काठावरच्या सगळ्या कोळ्यांनी आपल्या होड्या तिथेच लावायच्या. एका खर्चात दोन कामं!"

प्रधान म्हणाला, "वा, महाराज!" प्रधानाला पगार त्याचाच होता.

हा हुकूम काठावरच्या एका कोळीवाड्यात पोचला. तिथे चांगुणा नावाची कोळीण राहायची. तिचा नवरा आणि दोन मुलगे रोज होडी घेऊन समुद्रात जायचे. गावात अशा तीस होड्या. चांगुणाने हुकूम ऐकला आणि हातातली मासळी खाली ठेवली. एखादी खडकाळ जागा पहिली आली, तर त्या तीस होड्या रोज खडकांतून घरी आणायच्या. रोज तीस परत येतील, याची खात्री कोण देणार?

तिने मिठाच्या व्यापाऱ्याकडून त्याची पेटी चार दिवस मागून घेतली आणि डोलत्या होडीत उभी राहून आपल्याच गावच्या शांत खाडीचं चित्र काढलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. दरबारात चित्रं मांडली. चित्रं काढणारे मागे उभे होते, माना उंच करून. परीक्षक दोन होते, कारण एक विद्वान आणि एक रयतेतला, असा त्या राज्याचा रिवाज होता.

विद्वान म्हणजे चित्रशास्त्री. सात राज्यांत त्यांचं नाव. कसलंही चित्र समोर आलं की ते डोळा बारीक करत आणि म्हणत, "छान आहे. पण डावीकडून चार बोटं कापलं असतं तर!" त्यांचा एक नियमही होता. तेराच्या खाली आणि अठराच्या वर गुण द्यायचे नाहीत. "तेराच्या खाली दिले तर ज्याचं चित्र तो भांडायला येतो," ते सांगत, "आणि अठराच्या वर दिले तर बाकीचे सगळे येतात." माणूस व्यवहारी होता, नाही म्हणता येणार नाही.

रयतेतला परीक्षक म्हणजे बिरूआप्पा. म्हातारा धनगर. सगळा जन्म मेंढरांमागे डोंगरात गेलेला.

पहिलं चित्र धुक्यातल्या डोंगराचं. खाली नाव लिहिलेलं, 'पहाटेचं स्वप्न'.

"छान!" चित्रशास्त्री म्हणाले. "डावीकडून चार बोटं... असो. पंधरा."

बिरूआप्पा चित्राला नाक लागेल इतके जवळ गेले. "चार."

"चार? अहो, काय म्हणता! हे धुकं बघा, कसं तरल आहे!"

"धुकं कुठलं, शास्त्रीबुवा. खाली कुणीतरी पाला जाळलाय. धूर हाय त्यो."

मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी हळूच मान खाली घातली.

दुसरं चित्र उघड्या माळावरच्या शेळ्यांचं. शास्त्रीबुवांनी त्याला तेरा दिले, "शेळ्यांनी पाठ फिरवलीय, तोंडं दिसत नाहीत," म्हणून. बिरूआप्पांनी वीस दिले.

"वारं सुटलं की शेळी वाऱ्याकडं पाठच करती," आप्पा म्हणाले. "ज्यानं ह्ये काढलं, त्यो त्या वाऱ्यात उभा ऱ्हायला हुता. बाकीचे घरी गेले असतील."

असं करत डोंगराची चित्रं संपली. भांडणं पुष्कळ झाली, पण लोकांना मजा आली. मग समुद्राची चित्रं पुढे आली आणि बिरूआप्पांनी बोरू खाली ठेवला.

"काय झालं?" राजाने विचारलं.

"म्हाराज, समुद्र म्या कधी बघितला न्हाई. रकाने रिकामे सोडतो."

"रिकामे!" चित्रशास्त्री ओरडले. "रकाना रिकामा? अहो, निदान पंधरा तरी लिहा!"

"कशाचे पंधरा?"

"आता कशाचे म्हणजे... पंधरा कुणालाही चालतात!"

बेरीज करणारा कारकून उभा राहिला. "महाराज, रिकाम्यात किती मिळवायचे? शून्य धरू, की कालच्या खजिन्याच्या हिशेबात धरलं तसं धरू?" काल काय धरलं होतं ते कुणी विचारलं नाही.

राजा वैतागला. दरबार भरलेला, पाहुणे आलेले, आणि परीक्षक म्हणतो मला माहीत नाही! "परीक्षकाला कळत नसेल तर परीक्षक हवा कशाला? जा, आप्पा, मेंढरं वाट बघत असतील."

आप्पा गेले. रिवाजाप्रमाणे परीक्षकाला शाल आणि नारळ मिळायचा. त्यांना तेही मिळालं नाही.

आता शास्त्रीबुवांना रान मोकळं. पहिलं आलं खजिनदाराच्या जावयाचं चित्र. उंच कड्यावरून काढलेलं. काळे खडक, त्यांच्याभोवती पांढराशुभ्र फेस, वर लाल आकाश. नाव होतं, 'सागराच्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा'.

सगळा दरबार "आहा" म्हणाला. मीही म्हटलं असतं. चित्र खरंच देखणं होतं.

"अठरा!" शास्त्रीबुवा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी डावीकडून काही कापायलाही सांगितलं नाही.

शेवटी चांगुणाचं चित्र आलं. राखाडी पाणी. चार खांब. वाळत घातलेली जाळी. कोपऱ्यात अर्धं मांजर.

"बाई," शास्त्रीबुवा म्हणाले, "तुमचा समुद्र डावीकडे सांडतोय."

"होडी हलत होती, शास्त्रीबुवा. मी होडीत उभी होती."

"आणि हे मांजर?"

"ते मधी आलं. त्याला नाय म्हटलं तरी येतं."

"पण या चित्रात बघायचं काय? इथे काहीच होत नाही!"

"तेच तर!" चांगुणा पुढे आली. "तिथं काहीच होत नाय, म्हणून आमची माणसं घरी येतात. त्या गजऱ्याच्या चित्रात लय काय काय होतंय. महाराज, फेस दिसतो तिथं खाली खडक असतो. तिथं धक्का बांधाल तर होड्या फुटतील."

लोक हसले. राजाही हसला. "बाई, हरणारे सगळे असंच बोलतात. शास्त्रीबुवा, गुण?"

"तेरा," शास्त्रीबुवा म्हणाले. म्हणजे त्यांच्या हिशेबी शून्य.

निकाल लागला. गजरा पहिला आला. चार दिवसांनी राजा नारळ फोडायला त्या जागी निघाला. तिथे जायला होडीच लागायची, आणि होड्या होत्या कोळीवाड्याच्या. चांगुणाने आपली होडी काढली. नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही ऱ्हावा घरी. मीच नेते."

सकाळची वेळ. वारा पडलेला, पाणी ओसरत चाललेलं. तिने मुद्दामच ही वेळ धरली होती. अशा वेळी तिथे माणूस बुडत नाही, फक्त भिजतो.

राजा बसला, शास्त्रीबुवा बसले. चांगुणाने वल्ही हातात घेतली आणि म्हणाली, "महाराज, मी हरलेली बाई. माझं काय खरं? अठरा ज्यांनी दिले, त्यांनी पुढं बसून वाट दाखवावी."

"रास्त आहे," राजा म्हणाला.

शास्त्रीबुवा पुढे बसले. कड्याखाली आल्यावर चांगुणाने विचारलं, "कुठून नेऊ?"

"तिथून. तो पांढरा फेस शोभतोय ना, त्याच्या मधून."

"बघा हां. परत सांगा."

"अहो बाई, सबंध चित्रात नजर तिथेच जाते!"

"नजर जाते, शास्त्रीबुवा. होडी नाय जात."

"न्या म्हणतो ना!"

तिने हळूहळू नेली. मग खालून असा आवाज आला, जसा दळताना जात्यात खडा सापडावा. होडी तिरकी झाली. राजा गुडघाभर पाण्यात उतरला, शास्त्रीबुवा कमरेपर्यंत बसले, आणि राजाच्या डोक्यावरचा मंदील लाटेवर डोलत पुढे निघाला. चांगुणाने दोघांना हात देऊन एका सपाट खडकावर बसवलं.

"आता?" राजाने विचारलं.

"आता बसायचं. भरती आली की होडी सुटंल. दुपार कलंल तवर."

राजाला आयुष्यात पहिल्यांदा पुष्कळ वेळ मिळाला. बराच वेळ तो फेसाकडे बघत होता. मग म्हणाला, "शास्त्रीबुवा, समुद्र तुम्ही किती वेळा पाहिलाय?"

"चित्रांत पुष्कळ वेळा, महाराज."

"प्रत्यक्ष?"

शास्त्रीबुवांनी धोतर पिळलं. "आजचा धरून?"

"धरून."

"एकदा."

चांगुणाने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"मग अठरा कसे दिलेत?" राजा गरजला.

आणि इथे शास्त्रीबुवांनी जे सांगितलं, ते त्यांनी उभ्या जन्मात सांगितलेलं सगळ्यांत खरं होतं. ते म्हणाले, "महाराज, तुम्ही विचारलंत, आणि मी आकडा दिला. त्या धनगराने रकाना रिकामा सोडला, तर तुम्ही त्याला बिनशालीचं घरी पाठवलंत. ते बघितल्यावर माझी काय छाती होती?"

राजाने फक्त पाय जवळ घेतले, कारण एक खेकडा अंगठ्याची परीक्षा घ्यायला आला होता.

दुपार कलली. भरती आली. होडी सुटली, फळीला चीर घेऊन. राजाने ती दुरुस्त करून दिली आणि बिरूआप्पांकडे स्वतः शाल-नारळ घेऊन गेला. म्हणाला, "आप्पा, समुद्राच्या चित्रांची परीक्षा पुन्हा करायची. तुम्ही करा."

"म्हाराज," आप्पा म्हणाले, "चार दिवसांत मला समुद्र कसा कळंल? त्या बाईस्नी विचारा."

मग चांगुणाला दरबारात बसवलं. सगळ्यांना वाटलं, आता ही सूड घेणार. तिने जावयाचं चित्र उचललं, पुष्कळ वेळ बघितलं, आणि गुण सांगितले.

"चित्राला वीस. असं कुणी काढलं नाय. जागेला शून्य. ह्याच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहा, 'इथं होडी नेऊ नये', आणि बंदरावर टांगा. सगळ्यांच्या उपयोगी पडंल."

"आणि तुमचं स्वतःचं?" कारकुनाने विचारलं.

चांगुणाने आपल्या चित्राकडे मान तिरकी करून पाहिलं. "चित्राला दोन. समुद्र सांडतोय, शास्त्रीबुवांचं ते बरोबर हाय. जागेला वीस."

धक्का तिच्या खाडीत बांधला गेला. पहिलं बक्षीस मात्र जावयाकडेच राहिलं, आणि त्यावर कुणी भांडलं नाही. राजाने मंडळाला एक नवा नियम घालून दिला. गुणपत्रिकेत 'माहीत नाही' असा एक रकाना असेल. ज्या परीक्षकाने वर्षभरात तो एकदाही वापरला नाही, त्याला पुढच्या वर्षी बोलावणं जाणार नाही. पहिल्या वर्षी चित्रशास्त्रींनी तो इतका वापरला, की त्यांना थांबवावं लागलं.

बोध सरळ आहे: ज्याला "मला माहीत नाही" म्हणता येतं त्याच्यावर भरवसा ठेवा, आणि तसं म्हणणाऱ्याला कधी हाकलू नका.

एवढी एक विनंती करतो, आणि उठतो. तुम्ही मुलांच्या पेपरांचे गुण मांडत असाल, दुकानाची वही लिहीत असाल, नाहीतर कुणाच्या गुणदोषांची मनातल्या मनात बेरीज करत असाल. जो आकडा ठाऊक नाही, तो अंदाजाने भरू नका. तेवढी जागा कोरी सोडा. बाकी हिशेब खरा ठेवा.