धुळानं अडवलेली खिंड

आमच्या घाटात नुसती मेंढरांची पायवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. राजा मेला आणि त्याच्या दोन मुलांत गादीवरून लढाई जुंपली. घाटावरची गावं थोरल्याकडे गेली, घाटाखालची धाकट्याकडे. कुणी कुणाला विचारलं नाही. एकाच घरातली माणसं समोरासमोर उभी राहिली.

आमचा मूळपुरुष धुळा कोकरे. धनगर माणूस. आईला आणि मेंढरांना घेऊन तो घाटावर राहायचा. त्याचा धाकटा भाऊ सुभाना लग्नानंतर घाटाखाली सासुरवाडीला राहायला गेला होता. म्हणून धुळा या बाजूला आणि सुभाना त्या फौजेत, असं झालं.

धुळाची गोफण साऱ्या मुलखाला ठाऊक होती. असं म्हणतात, तिचा आवाज तीन कोसांवर ऐकू यायचा आणि तो ऐकून लांडगे रान सोडून जायचे.

एका उन्हाळ्यात राजाच्या धाकट्या मुलाची फौज घाट चढू लागली. वाटेतली गावं ती जाळत येत होती. वरची बायका-पोरं, म्हातारी माणसं नदीपलीकडच्या रानाकडे निघाली, पण गुरंढोरं घेऊन पार व्हायला तीन दिवस हवे होते. धुळा वीस गडी घेऊन खिंडीत जाऊन बसला.

दोन दिवस त्यानं फौजेला वर येऊ दिलं नाही. असं म्हणतात, त्याचा एक दगड नगाऱ्यातून आरपार गेला. दगड संपले तेव्हा डोंगरानंच दरड ढासळून त्याच्या पायाशी दगड आणून टाकले. पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासोबत उभं राहायला कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा खालच्या सरदारानं सुभानाला बोलणी करायला वर पाठवलं. दोघं भाऊ चार वर्षांनी भेटत होते. सुभाना म्हणाला, "दादा, वाट सोड. तुला जिवंत ठेवतील. मी शब्द घेतलाय."

"आणि वर आईचं घर आहे, त्याचं काय करतील?"

सुभाना खाली जळणाऱ्या गावांच्या धुराकडे बघू लागला.

"मग खाली जा," धुळा म्हणाला. "तुझ्यावर माझा हात उठायचा नाही."

सरदारानं हे बोलणं सुभानाकडून काढून घेतलं, आणि त्याचेच हात बांधून त्याला पुढं घातलं. मागं फौज. धुळानं गोफण फिरवली, फिरवत राहिला, पण दगड सोडला नाही. फौज वर पोचली आणि पहिलाच भाला त्याच्या छातीत बसला.

असं म्हणतात, धुळा पडला नाही. कातळाला पाठ लावून तसाच उभा राहिला, आणि घोडी त्याच्यापुढं पाऊल टाकीनात. सुभाना त्याच्या पायाशी बसला तो उठेना. फौजेतल्या बहुतेकांचं कुणी ना कुणी घाटावर होतं. एकेकानं भाला खाली ठेवला. दिवस मावळेपर्यंत खिंडीतून कुणी पुढं गेलं नाही, आणि तोवर दोघांची आई नदीपार झाली होती.

गादीवर शेवटी कोण बसलं, ते आमच्याकडे कुणाला नीट सांगता येत नाही. धुळाचं नाव मात्र पाळण्यातल्या लेकराच्याही कानावर पडतं.

चैत्रातल्या अमावास्येला घाटावरची आणि घाटाखालची माणसं खिंडीखाली जमतात. ज्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय, त्यांची नावं पुकारली जातात. धाकट्यानं पुढं चालायचं, थोरल्यानं मागं, आणि वर खिंडीत पोचल्यावर एका घोंगडीवर बसून एका ताटात जेवायचं. धुळाच्या नावानं बोलावल्यावर नाही म्हणता येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या दोन चुलत्यांची नावं पुकारली. विहिरीच्या पाण्यावरून नऊ वर्षांचा अबोला होता. चढताना दोघं एक शब्द बोलले नाहीत. जेवतानाही नाही. उतरताना मात्र थोरले मागून म्हणाले, "सावकाश. इथं पाय निसटतो."