अर्ध्या घरट्यांचा टेकू

फार जुनी गोष्ट. त्या काळी बायकोने नापसंत केलेलं अर्धं घरटं सुगरण पक्षी लाजेपायी लगेच उसवून टाकत. सापाच्या भीतीने घरटी टांगायची ती विहिरीवरच, त्यामुळे दरवर्षी पहिल्या उडीला दोन-तीन पिल्लं पाण्यात पडत. मोठ्यांच्या बैठका खूप व्हायच्या, पण पिल्लांना कोण विचारतो?

एका वर्षी उडायची पाळी तात्या सुगरणाच्या नातीची, पिंगीची होती. तात्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी त्यांनी तिलाच विचारलं, "पोरी, तूच सांग, काय करू?"

"काठ लांब पडतो, तात्या. अर्धी घरटी उसवू नका, वाटेत टेकायला होतील."

"लोक हसतील गं. म्हणतील, तात्याला घर पुरं करता येत नाही."

"हसणारे थोडेच बुडणार आहेत?"

तात्यांनी अर्धी घरटी तशीच ठेवली. पिंगी उडाली, अर्ध्या घरट्यावर टेकली, दम खाल्ला आणि काठावर पोचली. त्या वर्षी एकही पिल्लू भिजलं नाही. खोटं वाटत असेल तर विहिरीवर जाऊन बघा, अर्धी घरटी अजून लटकतात.

तात्यांनी नातीपुढे मान लववली. "फार उपकार झाले, पोरी."

"उपकार कसले, तात्या? तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं."