धाकू खारव्याची फ्रान्सफेरी

हर्णैच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे. त्या गावात धाकू नावाचा एक भोळा खारवी होता. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा आई म्हणाली, "धाकू, मासे वाळत घातलेत. कावळ्यावर नजर ठेव." धाकू दिवसभर कावळ्यावर नजर ठेवून बसला. संध्याकाळी आई येऊन बघते तर चटईवर एक मासा नाही. धाकू म्हणाला, "आये, पापणीसुद्धा हलवली नाही बघ. सगळेच्या सगळे त्यानेच नेले."

अंगात मात्र रेड्याची ताकद. दोघांनी उचलायचा होडीचा नांगर हा एकटा उचलायचा.

तर या धाकूचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी हिराजी तांडेलाची, चंद्रा. चंद्राला धाकू आवडायचा. का आवडायचा ते मला विचारू नका, आवडायचा. पण हिराजी पक्का बेरकी. तो म्हणाला, "आधी आगबोटीवर एक सफर करून ये. खलाशाच्या वहीत कप्तान शेरा लिहितो. 'चांगला' असा शेरा आणलास तर पोर तुझी. नाहीतर दाभोळचं स्थळ तयार आहे."

गावातला दाऊदचाचा एका आगबोटीवर सारंग होता, म्हणजे सगळ्या खलाशांचा मुकादम. त्याने धाकूला चिकटवून घेतलं. बोट निघाली, आणि महिन्याभराने फ्रान्स देशातल्या एका बंदराला लागली. त्या बंदराचं नाव धाकूला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मीही घेत नाही.

परतीचा प्रवास तिथूनच सुरू व्हायचा. कप्तानसाहेबाची रीत अशी, की त्या बंदरात सगळ्यांच्या वह्यांत शेरे लिहायचे. साहेब सकाळीच कुणा दोस्ताकडे जेवायला गेला. जाताना सांगून गेला, "पाचला येतो, वह्या भरतो, मग बोट सुटेल."

दाऊदचाचा धाकूला म्हणाला, "पाचपर्यंत तुला सुट्टी. गाव बघ, खा, पी, चंद्रासाठी काहीतरी घे. फक्त भानगड करू नकोस बाबा. साहेबाच्या कानावर गेली तर वहीत काय येईल?"

"काय येईल?"

"दाभोळचं स्थळ येईल! जा आता."

धाकू शिडी उतरून गावात गेला. धक्क्याला लागूनच बाजार होता. एक जाडजूड बाई खरबुजं मांडून बसली होती. आता आपल्याकडे फळ कसं घेतात? नारळ घेतात तसं. धाकूने एक खरबूज उचललं, बोटाने टकटक केलं, कानाशी नेऊन गदगदा हलवलं. पाणी वाजेना. दुसरं हलवलं. तेही वाजेना. असा तो वीस-बावीस खरबुजं हलवून म्हणतो, "बाई, सगळी कोरडी आहेत की तुमची." बाईला भाषा कळली नाही, पण हलवलेलं कळलं. तिने तराजूचं पारडं काढून त्याच्या हातावर हाणलं.

धाकू हात चोळत बोटीवर आला. दाऊदचाचाने कपाळावर हात मारला.

"अरे येड्या, इथे मालाला आपण हात लावायचा नसतो. रागावतात. हात मागे घ्यायचे, गुमान उभं राहायचं. समोरच्याने आपल्या हातात दिलं की मगच घ्यायचं."

"बरं चाचा. आता तसंच करतो."

पुन्हा उतरला. एव्हाना भूक लागली होती. एका खाणावळीत लोक रस्त्यावर टेबलं टाकून जेवत होते. धाकू जाऊन बसला. वाढप्याने माशांचा वाफाळता रस्सा आणून ठेवला, लांबलचक पाव ठेवला. काय तो वास! केशर, लसूण, ताजा मासा. धाकूच्या तोंडाला पाणी सुटलं. पण पठ्ठ्या हात मागे बांधून बसला. वाढप्याने ताट हातात कुठे दिलं होतं? टेबलावर ठेवलं होतं. धाकू रश्शाकडे बघतोय, रस्सा धाकूकडे बघतोय. वाढपी दोनदा येऊन खुणेने "खा, खा" म्हणाला. धाकूने मान डोलावली, हात मागेच. रस्सा थंडगार झाला, वर साय धरली. आतून आचारी बाहेर आला. आपला रस्सा कुणी चाखलासुद्धा नाही हे बघून तो माणूस अक्षरशः रडकुंडीला आला. मग रडकुंडीवरून भांडणावर आला. धाकू उपाशीपोटी परतला.

दाऊदचाचाने पुन्हा कपाळावर हात मारला.

"अरे अकलेच्या कांद्या! कुणी मांडून समोर ठेवलं की वाट कसली बघतोस? तुटून पडायचं! चाटूनपुसून खायचं. यांना त्यातच आनंद. खाणारा मिटक्या मारत खातो ना, त्याच्यावर ही माणसं जीव टाकतात."

"आधी सांगायचंत की, चाचा. आता तसंच करतो."

पुन्हा उतरला. वाटेत त्याला चंद्राची आठवण झाली. त्या गावात साबण फार नामी बनतो. एका दुकानात काचेमागे साबणच साबण रचले होते. हिरवे, पिवळे, पांढरे. धाकू आत गेला. दुकानातली म्हातारी मोठी अगत्यशील. तिने चिनी मातीच्या बशीत चार रंगांच्या चार वड्या मांडल्या आणि बशी त्याच्यासमोर ठेवली.

मांडून समोर ठेवलं! धाकू तुटून पडला. पहिली वडी त्याने नारळीपाकाची समजून खाल्ली. दुसरी जरा कडवट लागली, पण मिटक्या मारायच्या होत्या म्हणून मारल्या. तिसरीला तोंडातून फेस यायला लागला. चौथीला नाकातून फुगे निघाले. म्हातारीने किंकाळी फोडली. शेजारपाजारचे धावले. कुणी त्याला आडवा केला, कुणी नाकाला कांदा लावला, कुणी पाणी पाजलं. पाणी पाजल्यावर तर काय, फेस दुप्पट झाला.

धाकू फुगे सोडत शिडी चढला. दाऊदचाचाने या खेपेला दोन्ही हात कपाळावर मारले.

"या अल्ला! साबण खातात होय? अरे, तो आधी नाकाशी धरायचा. वास घ्यायचा. दुकानदार तारीफ करील, मग जरासा अंगाला चोळून बघायचा. आणि मग घ्यायचा."

"आता कळलं," धाकू म्हणाला, आणि एक फुगा सुटला.

"शेवटची खेप हं धाकू. चार वाजलेत."

धाकू धावत गेला. पण साबणाच्या दुकानात पुन्हा जायची त्याला लाज वाटली. म्हणून तो शेजारच्या दुकानात शिरला. तिथेही तसेच पिवळे-पांढरे ठोकळे रचलेले. ते दुकान होतं चीजचं. चीज म्हणजे तिथलं दुधाचं खाणं. दूध नासवतात, मुरवतात, आणि जितकी जास्त घाण येईल तितकं ते भारी समजतात. खोटं वाटत असेल तर दाऊदचाचाला विचारा.

दुकानदाराने आतल्या फडताळातून एक मऊ, पिवळी चकती काढली आणि तिचा तुकडा सुरीवर धरून पुढे केला. धाकूने सांगितल्याप्रमाणे नाकाशी धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आठ दिवसांचे बोंबील जाळ्यात राहून गेले की येतो तसा वास! पण दुकानदार डोळे मिटून, बोटांची टोकं चुंबून तारीफ करत होता. धाकूने विचार केला, आपण खेडवळ माणूस, आपल्याला काय कळतं उंची साबणातलं? त्याने तुकडा घेतला आणि मानेला चोळला. काखेत चोळला. केसांनाही लावला. दुकानदाराचे डोळे उघडले ते उघडेच राहिले. धाकूने ती अख्खी चकती चंद्रासाठी बांधून घेतली.

परत येताना रस्ता कसा मोकळा मिळाला! समोरून येणारी माणसं आपणहून पलीकडे जात होती. पाठीमागे मात्र सात मांजरं आणि दोन कुत्री.

दाऊदचाचाला तो दिसायच्या आधी वासच आला. चाचाने गमछा नाकाला लावला.

"काय मेलंय रे?"

"साबण आहे चाचा. उंची आहे."

"टाक! टाक आधी तो पाण्यात!"

"पण चंद्रासाठी..."

"चंद्रा पळून जाईल दाभोळला! टाक!" धाकूने चकती समुद्रात टाकली. चाचाने त्याच्या डोक्यावर चार बालद्या पाणी ओतलं आणि कान धरून सांगितलं, "आता शेवटचं ऐक. असा वास जिथून येईल ते उचलायचं आणि सरळ पाण्यात फेकायचं. मला विचारायला यायचं नाही. कुणालाच विचारायचं नाही!"

"असाच वास?"

"अस्साच!"

"बरं चाचा. आता तसंच करतो."

धाकूचा चेहरा पडला होता. चंद्रासाठी हातात काही नव्हतं. राहता राहिला तो शेरा. धुतलेला सदरा घालून, वही छातीशी धरून तो शिडीच्या तोंडाशी उभा राहिला. मनात म्हणाला, आता एकही चूक करायची नाही.

पाचाच्या ठोक्याला साहेब आला. दोस्ताने पोटभर जेवू घातलं होतं, साहेब एकदम खुशीत होता. गावातली एकही भानगड त्याच्या कानावर आली नव्हती. शिडी चढून आल्या आल्या त्याने धाकूची पाठ थोपटली. म्हणाला, "धाकू! अच्छा आदमी! किताब लाओ!" आणि खिशातून पेन काढलं. दाऊदचाचाने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले.

साहेबाच्या दुसऱ्या हातात एक पुडकं होतं. मडमेसाठी घेतलेलं. धाकूचं नाक हललं. अस्साच वास! धाकूने कुणाला विचारलं नाही. पुडकं घेतलं आणि सरळ पाण्यात फेकलं.

साहेब थक्क झाला. मग लालबुंद झाला. धाकूच्या तोंडाशी तोंड आणून त्याने मोठ्याने ओरडायला तोंड उघडलं.

आणि जेवणाच्या शेवटी साहेबानेही तेच चीज खाल्लं होतं. चांगलं दोनदा मागून.

धाकूने वास घेतला. नीट खात्री करायला आणखी एकदा घेतला. मग साहेबाला कमरेला धरून नांगरासारखा उचलला, आणि फेकला.

धबाक्! पाणी डेकपर्यंत उडालं. खलाशी दोर घेऊन धावले. दाऊदचाचा मटकन खाली बसला. कपाळावर मारायला हात उचलला, तो वरच राहिला.

धाकू त्याच्याजवळ गेला. कोरी वही उघडून पुढे धरली आणि काळजीने म्हणाला, "चाचा, साहेबाला टाकलं खरं. पण आता माझा शेरा लिहायचा कुणी?"